आपाच्या नावानं उघडलेल्या मशिनी

राग आला की माझं मराठी शुद्ध होतं, असं आमच्या ऑफिसातले लोक म्हणत. एरवी मीही त्यांच्यासारखीच मले-तुले करत वऱ्हाडी बोलणारी. पण खरेदी समितीपुढे उभी राहिले की तोंडातून 'आपण कृपया लक्षात घ्यावे' निघायचं आणि समितीला कळायचं, मॅडम तापल्या. त्या काळात मी बरंच शुद्ध मराठी बोलले.

कापूस आणि सोयाबीन, दोन्हींनी पाठोपाठ दगा दिलेली ती वर्षं. बाहेरून पथकं येत, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून फोटो काढत आणि अमरावतीच्या विश्रामगृहात जेवून परत जात. नुकसानीच्या मदतीसाठी गावोगावची नावं कम्प्युटरवर चढवायचं काम आमच्या सहकारी संस्थेकडे आलं होतं आणि ते कम्प्युटर सांभाळायला मी होते. माझं घर अमरावतीच्या राजापेठेत, तिथून जवळच संस्थेचं छोटं ऑफिस, आणि मुख्य ऑफिस अकोल्याला. माझं निम्मं आयुष्य अमरावती-अकोला गाडीत गेलं म्हणा ना.

अकोल्याच्या हॉलमध्ये नोंदणीला जी माणसं होती, त्यांत सगळे थोरली बहीण मानून 'आपा' म्हणत, त्या सगळ्यात जुन्या. नवरा शिलाईकाम करायचा. त्याची नजर अधू झाल्यापासून घर त्यांच्याच पगारावर चालायचं, त्यात दोन मुलींचं शिक्षण. आपा सगळ्यांच्या आधी यायच्या आणि हॉलमधला एकेक कम्प्युटर स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पासवर्डनं उघडून ठेवायच्या. मग जो येईल तो समोर बसायचा आणि कामाला लागायचा. खरं तर मी प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड करून दिला होता. आठवडा जायच्या आत सगळे विसरले. पुन्हा करून द्यायला गेले तर व्यवस्थापक म्हणाले, "कायले खोळंबा करता, मॅडम? आपाचं चालू हाये ना? मंग?"

आपांनाही त्याचा थोडा तोरा होता. "माह्या नावाशिवाय या हॉलचं पान हालत नाई," असं त्या हसत म्हणायच्या. मला मात्र ते ऐकून धडकी भरायची, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं होतं. "तुमाले उगाच भेव वाटते, मॅडम. सारे घरचेच लोक हायेत," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून मी समितीकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली, सर्व्हर चालवायला लिनक्स ही प्रणाली. मोठ्या संस्था वापरतात ते, ज्याच्या मागे अडचणीला धावून येणारी कंपनी असते. आमची जुनी प्रणाली रोज कुठेतरी अडकून बसायची. दुसरी, ओळख सांभाळणारं सॉफ्टवेअर. माणूस कोण, तो कुठल्या मशीनवर बसू शकतो, काय करू शकतो आणि त्यानं काय केलं, हे अकोला, अमरावती आणि तालुक्याच्या केंद्रांसाठी एकाच जागेवरून बघणारं. त्यात एकाच नावानं एका वेळी दहा मशिनी उघडताच येत नाहीत.

समितीचा नियम असा की एका शीर्षाखाली वर्षात एकच वस्तू घ्यायची. दोन्ही 'सॉफ्टवेअर' या शीर्षाखाली आल्या होत्या. व्यवस्थापकांनी फर्मान काढलं, "दोघायचा तुलनात्मक तक्ता करा. जे सरस निंगन, ते घेऊ."

मी म्हटलं, ही तुलना होऊच शकत नाही. एक जमीन आहे आणि दुसरा सातबारा. काळी जमीन चांगली की सातबारा चांगला, असा तक्ता कोणी करतं का? समितीत शेंदूरजनाघाटचे एक संत्रा बागायतदार संचालक होते. ते म्हणाले, "मंग जमीनच घ्या न. जमीन असली का सातबारा निंगतेच." सगळे खो-खो हसले. ज्या माणसाचं भावकीतलं धुऱ्याचं भांडण कोर्टात वर्षानुवर्षं कुजत पडलं होतं, तो हे म्हणत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तक्ता झालाच. मी करणार नाही म्हटल्यावर व्यवस्थापकांनी स्वतः केला आणि रकाने भरायला मला समोर बसवलं. वेग: लिनक्सपुढे बरोबरची खूण, दुसऱ्यापुढे रेघ. टिकाऊपणा: तसंच. मग रकाना आला, 'स्वतंत्र चालते काय?' मी सांगितलं, नाही, ते लिनक्सवरच चालतं, म्हणून तर दोन्ही लागतात. "म्हणजे परावलंबी," असं म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात तसं लिहिलं. त्या एका शब्दावर माझं सॉफ्टवेअर पडलं आणि सभा चहाकडे वळली.

लिनक्स आलं. त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, कारण ते आल्यापासून सर्व्हर एकदाही बसला नाही. अमुक नावानं अमुक वेळी अमुक नोंद केली, हे ते इमानेइतबारे लिहून ठेवायचं. पण खुर्चीवर कोण बसलंय हे त्याला कुठून कळणार? ते काम दुसऱ्याचं होतं आणि दुसऱ्याला आम्ही परावलंबी म्हणून परत पाठवलं होतं.

मग चौकशी लागली. एका गावच्या यादीत अशी नावं सापडली, ज्यांच्याकडे वावरच नव्हतं. सर्व्हरवर बघितलं तर सगळ्या नोंदी आपांच्या नावानं, एकाच दुपारच्या.

त्या दुपारी आपा माझ्यासमोर बसल्या होत्या. नव्या प्रणालीचं शिकायला त्या अमरावतीला आल्या होत्या आणि जेवायला मी त्यांना राजापेठेत घरी नेलं होतं. सकाळी माझ्यादेखत त्यांना व्यवस्थापकांचा फोन आला होता, "आपा, पासवर्ड सांगा, लोक बसून हायेत." आणि आपांनी तो एकेक अक्षर करून सांगितला होता. हे सगळं मी चौकशी अधिकाऱ्यापुढे सांगितलं, शुद्ध मराठीत. व्यवस्थापकांनी कानावर हात ठेवले. "मी फोन केल्याचं मले तं काई आठवत नाई," म्हणाले. अधिकारी मला म्हणाला, "मॅडम, माणसं खोटं बोलतात. कम्प्युटर खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, खोटं बोलत नाही, पण त्याला दिसतही नाही. त्यानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न आपांना विचारला. पासवर्ड दुसऱ्याला सांगितला होता का? आपा खरं बोलल्या. सांगितला होता. बस्स, तेवढं पुरलं. नोंदी कोणी केल्या ते राहिलं बाजूला आणि पासवर्ड फोडला म्हणून आपांना घरी पाठवलं. ज्यानं तो मागितला, त्यानंच त्यांना कामावरून काढण्याच्या आदेशावर सही केली. त्या सहीचा मला आजही संताप येतो.

आपा गेल्या त्याच संध्याकाळी मी त्यांचं नाव सर्व्हरवर बंद केलं. सकाळी हॉलमध्ये सगळे काळ्या पडद्यांसमोर बसलेले. व्यवस्थापक माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "आजच्या पुरतं आपाचंच चालू करा न. ते थोडीच येऊन राहिली पाहाले."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लिनक्सवरच बसून प्रत्येकाचं नाव पुन्हा तयार केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आजपासून ज्याची त्याची नोंद ज्याच्या त्याच्या नावानं. चौकशी ताजी होती, त्यामुळे नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आणि मग गंमत बघा. एकाला गावाकडून फोन आला. एकाचं डोकं दुखायला लागलं. एकजण फायली झटकत बसला. संध्याकाळी मी सर्व्हर पाहिला तर दिवसभरात एकाही माणसानं एक नाव चढवलं नव्हतं.

मला वाटलं, झालं सिद्ध, आपांच्या नावाआड कोणीही काहीही चढवत होतं. हे आपांना सांगितलंच पाहिजे. अमरावतीची गाडी जाऊ दिली आणि थेट त्यांच्या घरी गेले. त्या शर्टाला काज-बटन करत बसल्या होत्या. नवरा शेजारी इस्त्री फिरवत होता. मी घडाघडा सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवून ऐकलं.

"मंग बलावलं काय मले?"

"नाही, आपा."

"मंग मले काहून सांगून राहिल्या? मी चोर नाई, हे मले मालूम होतं. तुमाले बी मालूम होतं." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोठी पोरगी म्हंते, अम्मी, कम्प्युटरात तं तुझंच नाव निंगालं ना. ते आता कालेजात जाते, कम्प्युटरच शिकून राहिली. तिले काय सांगू, ते सांगा मले."

आतून मुलगी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना तिनं आईकडे पाहिलं नाही.