चौकटीमागची सही

आमच्या मामांना सगळी गल्ली टकटकमामा म्हणते. धंद्याने सुतार. कानावर पेन्सिल, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम वाकवलेलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी दारावर टकटक, मग टेबलावर, मग पलंगाच्या पायावर. मामी म्हणते, मला बघायला आले तेव्हा वडील शेजारी बसले होते म्हणून मी वाचले. लाकूड भरीव आहे की आतून पोखरलेलं, हे मामा नुसत्या आवाजावरून सांगतात. त्यामुळे नात्यातलं कुणीही घर घ्यायला निघालं की मामांना सोबत नेतं. मामा "घे" म्हणाले की घ्यायचं, आणि "चहा पिऊन निघू" म्हणाले की चहा पिऊन निघायचं.

मी शिवणकाम करते. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं ही माझी सवय. सुलट बाजू सगळेच छान ठेवतात, खरं काय ते आतल्या शिलाईत कळतं. माणसांच्या बाबतीतही माझं तसंच आहे. नवरा मला संशयखोर म्हणतो. म्हणू दे. पण एका माणसाला मी जन्मात कधी उलटं करून बघितलं नव्हतं, ते म्हणजे मामा.

आमचं घर आम्ही एका चष्म्याच्या दुकानदाराकडून घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडे मोठी खिडकी. मशीन त्या खिडकीशी ठेवायचं हे मी पायरीवरच ठरवलं. मामांना पत्ता आदल्या दिवशी कळवला होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, कानावर पेन्सिल नव्हती. मी दुकानदाराला एवढंच सांगितलं, हे माझे मामा. मामांनी खिडक्या ठोकल्या, बाहेरचं दार ठोकलं. आतल्या खोलीच्या चौकटीशी मात्र ते थांबले. ठोकलं नाही. अंगठा लाकडावरून वरून खाली फिरवला, परत खालून वर. मग चष्मेवाला त्यांना मागचं अंगण दाखवायला घेऊन गेला. परत आले तेव्हा चेहरा खुललेला.

"घे," म्हणाले. "डोळे मिटून घे."

मी खरंच डोळे मिटले. साठवलेलं होतं नव्हतं ते त्या घरात घातलं.

आठव्या महिन्यात आतल्या दाराची खालची बिजागरी निखळली आणि दार माझ्या खांद्यावर आलं. स्क्रूबरोबर मूठभर माती पडली. मी चौकटीवर बोट दाबलं, तर बोट आत गेलं. बाहेर रंगाचा पापुद्रा, आत माती आणि वळवळणारे पांढरे किडे. वाळवी. चौकटीपासून भिंतीत, भिंतीतून खिडकीखाली, थेट माझ्या मशीनच्या लाकडी फळीपर्यंत पोचलेली. गंमत म्हणजे त्या चौकटीत एक हातभर लांबीची पट्टी मात्र ठणठणीत होती. बाजूचं सगळं खाऊन टाकलं आणि तेवढीच सोडली. हे मला खटकलं, पण तेव्हा मी रडत होते.

मामांना निरोप पाठवला. मामांचा गुडघा दुखत होता. दुसरा निरोप पाठवला, मामा बाहेरगावी होते. जो लोकांच्या घरी बोलावल्याशिवाय येऊन टेबल ठोकतो, त्याला आजच बाहेरगावी जायचं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं हे खरं, पण जे बघून दिसणार नाही आणि विकणाऱ्याला ठाऊक आहे ते त्याने सांगायलाच हवं. लपवलं तर नुकसान भरून मागता येतं. फक्त त्याला ठाऊक होतं हे आपण सिद्ध करायचं. तिथेच घोडं अडतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी नोटीस पाठवली. चष्मेवाल्याने कानावर हात ठेवले. वाळवी नंतर आली असेल, खरेदीदारानेच जुनं सामान आणलं, आणि मुख्य म्हणजे "खरेदीदाराचे मामा स्वतः अनुभवी सुतार असून त्यांनी घर तपासून पसंत केलं होतं."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मामा सुतार आहेत हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

नवरा म्हणाला, ठोकण्यावरून ओळखलं असेल. असेलही. पण "अनुभवी"? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या दिवशी मागच्या अंगणात दोघं काय बोलले? मी रात्रंदिवस तेच उसवत बसले. मामांनी काही घेतलं का त्याच्याकडून? सख्खा मामा! मला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी विचार थांबायचा नाही.

शेवटी मी त्यांच्या कारखान्यात गेले. मामा रंधा मारत होते, गुडघा वगैरे ठीक होता. मी नोटिशीचं उत्तर रंध्यासमोर ठेवलं. मामांनी वाचलं. हात पुसले.

"ती पट्टी माझी आहे," ते म्हणाले.

तू घर बघायच्या दोन महिने आधी, म्हणाले, चष्मेवाल्याने बोलावलं होतं. चौकट पोखरलेली होती. सडका भाग कापून मी सागवानाची पट्टी बसवली, आणि त्याला बजावलं की भिंतीत आणि जमिनीत औषध घाल, नाहीतर पुन्हा खाईल. अंगणात मी त्याला विचारलं, औषध घातलंस का? तो म्हणाला, घातलं. मी मान डोलावली.

"आणि आता माझं नाव पुढे करून तो मला गप्प बसवतोय. त्याला ठाऊक आहे, टकटकमामा किडकं लाकूड झाकतो हे बाहेर पडलं तर मला कोण बोलावणार."

मी नोटिशीचं उत्तर उचललं आणि घडी करून पिशवीत ठेवलं.

मग मामांनी एक गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्यांच्यावर आळ घेतला होता, तुझ्याच लाकडातून वाळवी आली म्हणून. तेव्हापासून ते प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहितात, काय दिसलं आणि कुणाला दाखवलं. तारीख घालतात आणि घरमालकाची सही घेतात. लोक हसतात आणि सही करतात. पट्टी बसली की ते कोण बघणार?

आम्ही दावा लावला. कोर्टाने पाहणीसाठी माणूस पाठवला त्या दिवशी मामा न बोलावता आले. कानावर पेन्सिल होती, हातात पटाशी. चष्मेवाला त्यांना बघून आधी हसला. मामांनी सगळ्यांसमोर पट्टी सोडवली आणि उलटी केली. "वाळवी. मालकास दाखवली. औषध घालावे." खाली तारीख, आणि चष्मेवाल्याची झोकदार सही. तो चष्मा पुसायला लागला.

त्याचा वकील मात्र मुरलेला. त्याने मामांना विचारलं, "तुम्हाला एवढं ठाऊक होतं, तर सख्ख्या भाचीला घर घे कसं म्हणालात?"

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. चौकटीकडे बघत होते.

"मी माझा सांधा शोधत होतो," ते म्हणाले. "अंगठ्याला लागला नाही. स्वतःचं काम स्वतःला सापडेना, इतकं बेमालूम झालं होतं. त्या खुशीत त्याचं बोलणं खरं मानलं आणि घे म्हणून बसलो."

मामांनी काही घेतलं नव्हतं तर. मला हायसं वाटायला हवं होतं, पण राग असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पैसे घेतले असते तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

चष्मेवाला तडजोडीला आला. औषध, चौकटी, भिंत, मशीनची फळी, सगळं त्याच्या माथी. मामांना मात्र त्यानंतर कुणी घर बघायला नेलं नाही. माझ्या थोरल्या जावेने फ्लॅट घेतला, तिनेही नाही.

नव्या चौकटीसाठी मी दुसरा सुतार बोलावला. मामांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते आले आणि भिंतीशी उभे राहिले. माप घ्यायला टेपचं दुसरं टोक धरणारं कुणीतरी लागतं. ते मामांनी धरलं.