लॉस किती, सीनू?

मागाच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या भुवयांवर सुताचे तंतू बसतात. कितीही झटका, संध्याकाळी आरशात बघावं तर नवे येऊन बसलेले! सीनूच्या वर्कशॉपातले किस्से असेच साठले. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. आम्ही तिथं चहा प्यायला जायचो आणि घरी येताना एखादा अंगावर घेऊन यायचो.

सीनू म्हणजे श्रीनिवास, आमचा इंजिनिअर. सोलापुरातल्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडताना दखनी. वडील मल्लय्यामामा पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. घरासमोरच्याच एका खोलीत सीनूनं वर्कशॉप थाटलं होतं. तिथं तो फायबरचे आणि सर्किटचे शोध लावायचा. बशीरभाई फायबरचे जोड मारायचे. मी केबलवाला. गिऱ्हाईक आणणं आणि फुकटचे सल्ले देणं ही माझी दोन कामं. दुसरं मी जास्त मन लावून करायचो.

त्या खोलीला चार पायऱ्या होत्या आणि मल्लय्यामामा त्या कधी चढायचे नाहीत. "तितं सूत न्हाय, मग काम कसलं?" एवढंच म्हणायचे. सीनू हसून सोडून द्यायचा. पण पायऱ्यांवर कुणाचं पाऊल वाजलं की हातातला सोल्डरगन तसाच ठेवून तो आधी दाराकडं बघायचा. बापानं एकदा आत यावं, आपलं काम बघावं, एवढीच त्याची इच्छा. आम्हाला ती माहीत होती. त्यावर बोलायचं मात्र कुणी नाही.

* * *

सीनूचा पहिला शोध पाण्याचा. आमच्या सोलापुरात नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, चार-पाच दिवसांनी आणि न कळवता. पाण्याच्या आधी नळातून हवा फुसफुसते. सीनूनं त्या फुसफुशीवर चालणारं सर्किट बनवलं आणि त्याला एक हॉर्न जोडला. हॉर्न बशीरभाईंनी आणला होता, ट्रकचा!

भर दुपारी हॉर्न वाजला. काय आवाज! अख्खी गल्ली बाहेर आली. "आलं, आलं!" म्हणत घराघरातून पाणी ओढायच्या मोटारी सुरू झाल्या. सीनूचं घर पाइपाच्या शेवटाला, जरा चढावर. त्याच्या नळातून फुस्स झालं, अजून एकदा फुस्स झालं आणि संपलं.

सीनूच्या अम्मा रिकामी घागर घेऊन दारात उभ्या. "सगळ्या गल्लीला पाणी आणि आमाला नुसता आवाज!"

मल्लय्यामामा जेवायला घरी आले होते. त्यांनी हॉर्नकडं नीट निरखून पाहिलं. म्हणाले, "हॉर्न चांगला हाय. टेंपोला लाव."

* * *

पुढं केबलचा धंदा तांब्याच्या तारेवरून फायबरवर आला तेव्हा आमची चांदी झाली. केसासारखी काच, तिच्यातून उजेड पळतो, त्या उजेडात शंभर चॅनेल! मला अजूनही हे पूर्ण पटलेलं नाही, पण गिऱ्हाइकासमोर मी छातीठोक सांगायचो.

फायबर तुटला की बशीरभाई मशीनमध्ये दोन टोकं वितळवून जोडायचे. जोडात थोडा उजेड वाया जातो. त्याला म्हणायचं लॉस. बशीरभाईंनी जोड मारला की सीनू तिकडून ओरडणार, "लॉस किती?" आकडा जरा इकडंतिकडं असला की कात्री! "परत मारा." बशीरभाई कपाळावर हात मारायचे. "अरे बाबा, लोगां सीरियल देखते, रॉकेट नहीं उडाते!" पण सीनू ऐकेल तर शपथ.

मग तो आमचा रिवाजच झाला. चहा सांडला, लॉस किती? बशीरभाई भाचीच्या लग्नाला जाऊन आले, लॉस किती? मी वजन कमी करायला पहाटे चालायला लागलो आणि आठवड्यात सोडून दिलं, तेव्हा तर दोघं एकदम ओरडले.

लॉस मोजायचं मीटर बाहेरून महाग मिळायचं म्हणून सीनूनं घरीच बनवलं. सर्किट उत्तम, पण खोका? खोका म्हणून अम्मांचा स्टीलचा डबा! अम्मांनी दुसरा तसलाच डबा घेतला आणि तिथंच घोळ झाला.

बशीरभाई होटगीला एका गोदामाच्या कामावर गेले. तिथले साहेब लोक गोल करून उभे. बशीरभाईंनी जोड मारला, ऐटीत म्हणाले, "अब मीटर देखो," आणि डबा उघडला. आत मेथीची भाजी आणि भाकरी.

इकडं सीनू जेवायला बसला आणि डब्यातून वायरी निघाल्या. तेवढ्यात फोन आलाच.

"सीनूभाई, मेथी में लॉस कुछ नहीं. नमक जरा ज्यादा है."

* * *

सांगोल्याच्या एका बागाईतदाराच्या डाळिंबावर चोरांचा डोळा होता. सीनूनं कुंपणाला फायबर गुंडाळला. चोरानं तोडला की आतला उजेड बंद आणि सायरन चालू. साधं, सोपं, आणि मी विकलेलं!

चार दिवसांनी फोन. रोज सायरन वाजतोय. आम्ही तिघं गेलो. चोरबीर कुणी नव्हतं. शेळ्या फायबरचं प्लॅस्टिक चघळत होत्या. त्यातली एक तर आमच्याकडं बघत बघत चघळत होती.

सीनूचा चेहरा उतरला. "काका, चुकलंच. काढून नेतो."

काका आडवे झाले. "काढताय कशाला? शेरडं कुटं घुसत्यात ते घरात बसून कळतंय की! आधी रानभर हिंडाय लागायचं. लई बेस हाय, ऱ्हाऊ द्या!"

बशीरभाई महिन्यातून एकदा तिकडं जोड मारायला जायचे. येताना डाळिंबं आणायचे. शेळ्यांमुळं आमचं रक्त वाढलं, असं म्हणायला हरकत नाही.

* * *

अकलूजकडच्या एका ऑफिसात आम्ही नवी लाइन टाकली. उद्घाटनाला तिथले मोठे साहेब आले, फेटाबिटा बांधून. फायबरचं टोक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात उजेड हाय म्हणताय. मग दिसत कसा न्हाय?"

सीनूनं समजावलं की हा उजेड डोळ्याला न दिसणारा आहे.

"दिसत न्हाय तो उजेड कसला?"

सीनूलाही त्या दिवशी चेव आला होता. म्हणाला, "साहेब, तारेतली वीज तरी दिसती का?"

साहेब क्षणभरही थांबले नाहीत. "न्हाय दिसत. पर शॉक तर बसतोय की!"

सगळं ऑफिस हसलं आणि टाळ्या साहेबांना पडल्या. परतीच्या वाटेवर सीनू गाडीत फायबरचं टोक उलटसुलट करून बघत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रत्येक डेमोत लाल दिवा घालायला सुरुवात केली. सरळ डोळ्याला दिसणारा, लालभडक उजेड. "ज्याला दाखवायचंय त्याला दिसलं पाहिजे," म्हणाला. मी तेव्हा ते साहेबांबद्दल समजलो होतो.

* * *

सीनूचा सगळ्यात चांगला शोध मागाचा. टॉवेलच्या मागावर शेकडो उभे दोरे ताणलेले असतात. त्यातला एक तुटला आणि माग तसाच चालत राहिला की कापडात फट पडते, टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात जातो. सीनूनं दोऱ्यांच्या खालून प्लॅस्टिकचा बारीक फायबर वापरून लाल उजेडाची रेघ नेली. तुटलेला दोरा खाली लोंबला की रेघ अडली, माग आपोआप थांबला, वर दिवा लागला. गल्लीतल्या दोन कारखानदारांनी बसवून घेतलं. मीसुद्धा फुकटचा सल्ला द्यायचा विसरलो, इतकं ते झकास चालायचं.

तिसरा सेट सीनू घेऊन गेला तो बापाच्या मागावर. ह्यासाठीच सगळी धडपड होती, हे सांगायला नको.

मल्लय्यामामांनी माग बंद केला. मागाच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून सीनू मोठ्यानं सांगत होता. दोरा असा तुटतो, उजेड असा अडतो, दिवा असा लागतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"दिवा लागला. फुडं?"

"पुढं काय नान्ना, तुम्ही येऊन दोरा बांधायचा."

"म्हंजे गाठ मीच मारायची. मग तुजा दिवा काय करतोय?"

आणि त्यांनी माग सुरू केला. त्या आवाजात पुढचं काही बोलायची सोय नव्हती. सीनू सेट उचलून घेऊन आला, खोलीच्या माळ्यावर टाकला आणि नेहमीसारखा हसला. त्या दिवशी "लॉस किती?" कुणीच विचारलं नाही.

मामांची गाठ मात्र बघण्यासारखी असायची हो! अंगठा आणि एक बोट, बस्स. दोन टोकं कधी भेटली ते कळायचं नाही. मग उरलेली शेपटी दातानं तोडायची. टॉवेलवरून हात फिरवा, गाठ सापडली तर मला सांगा. सीनूला लहानपणी शिकवली होती, पण त्याची गाठ कायम जाड यायची. तसे टॉवेल मामा घरात वापरायला ठेवायचे.

* * *

आता तो खडखडाट पुष्कळ कमी झालाय. मामांचेही माग बंद झाले, टेंपोत घालून भंगारात गेले. टेंपो बशीरभाईंनीच आणून दिला. मामा नंतर ओट्यावर बसून असायचे. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आणि बोट मात्र चालूच. मला ते बघवायचं नाही. मी चप्पल शोधायचं निमित्त करून खाली बघायचो.

मामाही आता नाहीत. वर्कशॉप चिंचोळीच्या एमआयडीसीत गेलंय. तिथं एसी आहे, रिसेप्शन आहे, मशीनचा चहा आहे. जीव रमत नाही. मला ती जुनी खोलीच आठवते, आणि त्यातही मामांचे माग गेल्यानंतरची एक दुपार.

दुसऱ्या दिवशी डेमो होता. टॉवेलचे मोठे कारखानदार येणार होते. सीनूनं माळ्यावरचा तोच सेट काढून, पुसून टेबलावर मांडला होता. लांबी बेतताना त्यानं प्लॅस्टिकचा एक फायबर मधोमध कापला आणि तेवढ्यात कुठल्याशा साइटवरून बोलावणं आलं. दोन टोकं तशीच टेबलावर टाकून तो आणि बशीरभाई गेले. राखणीला मी.

पायऱ्यांवर पाऊल वाजलं. वर बघतो तर मल्लय्यामामा! भिंतीचा आधार घेत आत आले. मी खुर्ची दिली. "सीनू कुटाय?" म्हणाले. मी हातानं खुणावलं, बाहेर गेलाय.

मामा खोलीभर बघत बसले. मीटरचा डबा, तारा, सर्किटं. मग नजर टेबलावर आली.

"दोरा तुटलाय की," ते म्हणाले.

मी सांगायला तोंड उघडलं, मामा, तो दोरा नाही, त्याला गाठ चालत नाही, उद्या डेमो आहे! पण त्यांनी दोन्ही टोकं उचलली होती आणि इतक्या दिवसांनी त्या बोटांना काहीतरी सापडलं होतं. माझ्यानं बोलवलं नाही. अंगठा, बोट, झालं. शेपटी दातानं तोडली. जोडावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "सांग त्याला, बांदून ठिवलंय."

आणि पायऱ्या उतरून गेले.

संध्याकाळी सीनू आणि बशीरभाई आले. मी काय झालं ते सांगितलं. सीनू टेबलाजवळ गेला. कात्री शेजारीच होती. त्यानं हात पुढं केला तो स्विचकडं. लाल दिवा लागला.

पलीकडच्या टोकाला अंधार. जाणार कुठून उजेड! सगळा मधेच अडकला होता, आणि ती एवढीशी गाठ लालबुंद पेटली होती.

सीनू बघत राहिला. मग दुसरा फायबर काढून उद्याच्या डेमोसाठी शेजारी लावायला लागला. गाठीचा त्यानं अलगद उचलून खिडकीच्या खिळ्याला टांगला, दिवा तसाच ठेवून. समोरच्या ओट्यावरून दिसेल असा.

शेवटी बशीरभाईंनी घसा साफ केला आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "लॉस किती, सीनू?"

"झीरो," सीनू म्हणाला.

मीटर त्यानं लावलंच नव्हतं.