पुतण्याचं इंजेक्शन, सुनेचा उपास

मित्रांनो, आत्ताच मंचरच्या दवाखान्यातून आलोय. डोकं ठिकाणावर नाही, म्हणून आपल्या जुन्या ग्रुपवर लिहितोय.

माझा पुतण्या पैलवान. जिममधल्या एकाचं ऐकून तो दोन वर्षं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय. लग्न होऊन तीन वर्षं झाली, मूल नाही. आज रिपोर्ट आला, शुक्राणू शून्य.

डॉक्टर म्हणाले, "बाहेरून हार्मोन मिळतोय म्हणून शरीरानं स्वतःचा बनवणं थांबवलंय. इंजेक्शन बंद करा. शरीराला परत कामाला लावणाऱ्या गोळ्या देतो. काही महिने लागतील, पण खात्री नाही."

पुतण्या विचारतो, "यात्रेतली कुस्ती झाल्यावर बंद केलं तर चालंल का?"

मी ओरडलोच, "अरे, तुला बाप व्हायचंय का गदा पाहिजे?"

गाडीत तो रडला. "तात्या, घरी सांगू नका. अंग उतरलं तर लोक हसत्याल."

आणि त्याच्या बायकोला लोक वांझ म्हणतात, त्याचं काय? गेल्या यात्रेत स्टेजवरून याच्या दंडांचं कौतुक मीच केलं होतं!

घरी सून दारातच उभी होती. आज संकष्टी, मुलासाठी ओझरच्या गणपतीला जाऊन आलेली. म्हणाली, "तात्या, दोष माझ्यातच निघाला ना?"

ती आता चंद्राची वाट बघत उपाशी बसलीय. सांगणार तर आहेच. तिनं जेवायच्या आधी सांगू की नंतर?