जवसाचं तेल लावलेला फुटबॉल

जवसाच्या तेलाचा वास आला की इंग्रजांच्या काळातली, कारंजा गावातल्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमधली आमची खोली आठवते. हंगामात मी आणि कापूस मोजणारा एक मापारी तिथं राहायचो. गावाला कुस्तीचं वेड, फुटबॉलचं फक्त आम्हा दोघांना. कलकत्त्याचे सामने तीन दिवसांच्या शिळ्या पेपरात वाचायचे आणि सरकीच्या ढिगावर बसून भांडायचं. त्यानं नागपुरातून एक चेंडू आणला होता. बोलता बोलता तो चेंडूच्या कातड्याला जवसाचं तेल चोळायचा. "वस्तादाशिवाय कोनीच मोठा होत नाही," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "खेळाडू जल्मतोच, त्याले कोन शिकवते?" एका संध्याकाळी मी हरायला लागलो आणि चिडून बोललो, "तुले काय समजते? एक तरी सामना पाह्यला काय तुनं?" त्याचा हात थांबला. पाहिला तर मीही नव्हता, पण त्यानं मला उलट विचारलं नाही. त्यानंतर त्यानं फुटबॉलचं नावच काढलं नाही. हंगाम संपला तसा तो गावी गेला, चेंडूला ताजं तेल लावून माझ्या गादीवर ठेवून. पुढच्या हंगामाला मापारी दुसराच आला. आजही पेपरात सामना वाचला की मी एकटाच मोठ्यानं त्याची, वस्तादाची बाजू मांडतो, आणि ती खोडून काढायला खोलीत कोणी नसतं.