रेग्युलेटर वाळवणाऱ्या मावशी

मावशी रेग्युलेटर आधी नाकाशी धरायच्या. पाणबुड्याच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं ते यंत्र; एका टोकाला टाकीवर बसणारा पितळी भाग, मधे काळी नळी, दुसऱ्या टोकाला दातांत धरायचं रबर. मावशी ते रबर हुंगायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, "वलं हाय आजून. ऱ्हाऊ द्या."

बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या आमच्या पथकाचं गोदाम बीडला आहे. विहिरीवर, धरणावर काठावरच्या गर्दीत उभं राहून आमच्यासारख्यांना पाण्यात उतरताना तुम्हीही कधी पाहिलं असेल. मागे राहून सामान धुणारं माणूस मात्र कुणाला दिसत नाही. मावशी वडवणीहून एसटीने यायच्या, कंत्राटावर. त्याआधी वीसेक वर्षं दूध डेअरीवर कॅन धुतलेले. त्यामुळे आम्हाला शिकवायला प्रशिक्षक आले, तेव्हा त्यांचं म्हणणं आमच्याआधी मावशींना कळलं.

प्रशिक्षकांनी सांगितलं ते एवढंच: पितळी भागाला हवा आत शिरायचं एक भोक असतं. धुण्याआधी त्याचं टोपण आतून कोरडं करून घट्ट लावायचं. पाण्यात असताना रबराजवळचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी उलटं आत जातं. मग सावलीत टांगून वाळवायचं. मावशी मागे झाडू घेऊन उभ्या होत्या. प्रशिक्षक गेल्यावर म्हणाल्या, "म्हंजे हवेच्या वाटंत पाणी जाऊ द्यायचं न्हाई. त्याला दोन तास कावून बोलले?"

एकदा रफिकने, माझ्या जोडीदाराने, घाईत रेग्युलेटर जीपच्या बॉनेटवर उन्हात ठेवला. मावशींनी तो उचलून आत नेला.

"लेकराची बाटली आशी उन्हात तापवत्यात का रं?"

"मावशी, मी काय लेकरू हाय का?"

"पाण्याखाली गेल्यावर हाईस."

रफिक लाजून हसला. त्यानंतर तो पाण्यातून वर आला, की आधी रेग्युलेटर मावशींच्या हातात द्यायचा, मग अंग पुसायचा.

त्या दिवशी आम्ही माजलगावच्या धरणावरून दोन दिवसांचा शोध संपवून आलो होतो. गाळाने माखलेलं सगळं सामान गोदामात उतरवलं. मावशी दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"दादा, सुनंला दवाखान्यात न्यायचंय. चारची गाडी हाय. आजच्या दिवस तुमी धुता का? टोपण तेवढं कोरडं करून लावा."

"जा मावशी. मी आहे ना."

मी दमलो होतो, हे खरं. पण दमलेला माणूसही टोपण लावू शकतो. मी लावलं नाही. दोन्ही रेग्युलेटर एकाच बादलीत बुडवले. पाणी चहासारखं झालं, तरी बदललं नाही. गाळ लवकर निघावा म्हणून पाण्यातच बटण दाबत राहिलो. शेवटी ओलं टोपण तसंच बसवलं आणि टांगून दिलं.

सकाळी मावशींनी एक रेग्युलेटर हुंगला. पुन्हा हुंगला.

"दादा, वास येगळा येतोय."

"नीट धुतलाय मी. टोपण लावूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. वरून एकदा फडकं फिरवलं आणि तो परत टांगला.

तीन आठवड्यांनी चौसाळ्याकडच्या एका विहिरीत रफिक तोच रेग्युलेटर घेऊन उतरला. वर दोर माझ्या हातात होता. दोन-तीन मिनिटांत दोराला झटके बसू लागले. आम्ही त्याला ओढून काढलं, तेव्हा तो निळा पडला होता. श्वास घेताना हवेऐवजी पाणी आलं होतं. आठ दिवस दवाखान्यात राहून तो वाचला. रेग्युलेटर उघडला, तर आत गाळ होता आणि पितळेवर हिरवी पुटं चढलेली.

पथकाच्या साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "धुवायचं काम कुणाचं?"

"मावशींचं," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही, असं त्या वेळी मी स्वतःला सांगितलं. काम मावशींचंच होतं ना? तुम्हीच ठरवा. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. पुढे मी आणखी काही बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "व्हय सायेब. माझंच काम हाय ते."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

वडवणी आमच्या माजलगावच्या वाटेवरच. वर्षभर त्या गावातून जाताना मी जीपमध्ये मोबाइल काढून बसायचो. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. मावशी पुढच्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी आधी विचारलं, "रफिक बरा हाय का? उतरतो का पाण्यात?"

"उतरतो."

"देवच पावला." त्यांनी ताट बाजूला सारलं. "डेअरीवाले बलावत्यात मला. मी जात न्हाई. तुमी तर नीट धुतलतं. मंग दुसऱ्या दिशी माझ्याच हातून कायतर झालं. लेकराचा जीव जात व्हता, दादा. ह्या हातांचा भरवसा ऱ्हायला न्हाई आता."

तेव्हा मी सांगितलं. टोपण, बादली, बटण, सगळं. जमिनीकडे पाहूनच बोललो.

"मंग मी न्हवते?"

"नाही मावशी."

"मी न्हवते," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी मला विचारत नव्हत्या.

मग उठून आत गेल्या. सुनेने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली, तरी मावशी बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळाने सूनच दारात आली.

"आत्या म्हणत्यात, तुमी जावा आता."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी दिलं. मला सहा महिने पाण्यापासून दूर ठेवलं. रफिक माझ्याशी कामापुरतं बोलतो. साहेबांनी मावशींना परत बोलावलं. तो निरोप मीच घेऊन गेलो. दुपारचे बारा-एक झाले असतील. दाराला कुलूप नव्हतं. मी दोनदा हाक मारली. आत बांगड्या वाजल्या, मग थांबल्या.

कडी आतून लावलेली होती.