कुंपणाचे आठ रत्तल

तांत ऑर्डीन लेंडोरला माणसाचं वजन नुसत्या नजरेनं कळायचं. मी गणिताचा मास्तर, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला शोभत नाही. पण कारियाकू या आमच्या चिमुकल्या बेटाच्या विमानतळावर अकरा वर्षांत तिचा अंदाज तीन रत्तलांपेक्षा, म्हणजे दीडेक किलोपेक्षा, जास्त चुकलेला मी पाहिला नाही, त्याला मी तरी काय करू?

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक पत्र्याची इमारत, जंगली बदामाची दोन झाडं आणि तारेचं कुंपण. गावचा रस्ता धावपट्टीलाच आडवा जायचा. विमान यायच्या वेळी पोलीस दोरी धरून गाड्या आणि बकऱ्या अडवायचा. विमान जेमतेम नऊ जणांचं. एवढ्याशा विमानात सामानाबरोबर माणसंही तोलावी लागतात, आणि तो काटा तांतच्या ताब्यात होता. तांत म्हणजे मावशी. पण आमच्याकडे पन्नाशी उलटलेल्या ज्या बाईला सगळा गाव वचकून असतो, तिला तांत म्हणतात, मग ती कुणाची मावशी असो वा नसो.

मी गयानातून इथल्या शाळेत नोकरीला आलो, त्या पहिल्याच महिन्यात तिनं माझी शिकवणी घेतली. मी घाईघाईनं आत शिरलो आणि विचारलं, "मोठ्या बेटाचं विमान किती वाजता आहे?"

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या कागदात बघू लागली.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा "गुड मॉर्निंग". तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मुकाट्यानं म्हणालो, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"आत्ता कसं! आता विचार. टीचर ना तू? दुसऱ्यांची पोरं शिकवायला आलास आणि तुला एवढंही कुणी शिकवलं नाही?"

बाहेरून येऊन राहिलेले आम्ही सगळे असेच तिच्या हाताखालून गेलो. शिडाच्या बोटीतून आलेले इंग्रज, पेन्शनीतले कॅनडावाले, माझ्यासारखे नोकरीवाले. तिचं सांगणं फुकट असायचं, पण त्याबरोबर दोन टोमणे घ्यावे लागायचे. "सकाळचं विमान घे. दुपारी हवा तापून पातळ होते, पंखांना धरायला काही उरत नाही. सकाळी नऊ माणसं उचलणारं हेच विमान दुपारी सात घेऊन रडतं." "औषधं आणि कागद पोटाशी ठेव. बॅग मागच्या विमानानं येईल, आणि मागचं विमान कधी येईल ते देवाला विचार." "परवान्याचा मूळ कागद ने. तू इथे राहतोस हे तुला माहीत आहे, शिक्केवाल्याला नाही." नीरफणस परदेशी न्यायचा तर भाजून न्यायचा, कारण कच्चा झाड म्हणून अडवतात आणि भाजलेला जेवण म्हणून सोडतात, हेही मला तिनंच सांगितलं. आणि वजन कधी खोटं सांगायचं नाही. "थाप मारायची तर बायकोला मार. हवेला मारू नकोस."

असं म्हणणारी ही बाई स्वतःच कागदावर खोटं लिहिते, हे एक दिवस माझ्या लक्षात आलं आणि मला राग आला. गावातली एक बाई काट्यावर चढली, काटा एकशे एकतीसवर थांबला आणि तांतनं लिहिलं एकशे एकोणचाळीस. पुढच्या कोळ्यालाही आठ वाढवले. माझ्या नावापुढे मात्र काट्यावरचा आकडा जसाच्या तसा.

"तांत, तुम्ही आठ जास्त लिहिलेत."

"टीचर, तुझा वर्ग शाळेत. इथे माझा."

मी मनात अढी धरली. गावच्या लोकांना ही जाडं ठरवते आणि आम्हाला सोडते, हा कुठला न्याय, असं मी घरी बायकोला, दुलारीला, कितीदा तरी ऐकवलं. ती म्हणायची, "तुम्हाला सगळं आकड्यात दिसतं."

त्या सप्टेंबरात दुलारीला सातवा महिना होता. कुठल्यातरी दूरच्या वादळाच्या लाटा आमच्या किनाऱ्यावर येऊन आपटत होत्या, तीन दिवस मोठ्या बेटाची लाँच बंद होती, आणि वारा मात्र औषधालासुद्धा नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी बाराला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. नर्स ईनो आली, तपासलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळ आज येणार. एवढ्या लहान बाळाला लागते ती काचेची पेटी आपल्याकडे नाही, मोठ्या बेटावर आहे. दोनचं विमान गाठा. आणि मी शेजारी बसले तरच काही खरं आहे. ती एकटी गेली तर वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही."

दोनचं विमान. तापलेलं, बिनवाऱ्याचं, तांत ज्याला नको म्हणायची तेच.

विमानात सात उतारू होते. लाँच बंद असल्यामुळे ज्यांना थांबणं शक्यच नव्हतं असेच सगळे. तिघांना इस्पितळाच्या तारखा होत्या, दोन खलाशांचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं, आणि एथलिन नावाची एक बाई तिकडे वारलेल्या आईला मूठमाती द्यायला निघाली होती. सातवा पेम्बर्टन नावाचा इंग्रज, तो आमच्याकडे बघून काट्यामागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी उद्या जाईन." सगळ्या सुटकेसी उतरवल्या. टपालाच्या थैल्या उतरवल्या.

पायलट रूपर्ट, पंचविशीतला पोरगा, घाम पुसत बेरीज करत होता. "एक बाई नेतो. दोन नाही. नर्स आली तर पंचेचाळीस रत्तल जास्त होतात."

"पंचेचाळीसच तर आहेत!" मी ओरडलो.

"टीचर, तुम्ही मला शाळेत गणित शिकवलंत. आज मी चुकवू का ते? पट्टी संपते तिथे झाडं आहेत."

दुलारी बाकावर नर्सचा हात धरून बसली होती, ओठ दाताखाली. उरलेल्या सहांपैकी तू उतर असं कुणाला म्हणायचं?

तांत ऑर्डीन काट्यामागून उठली. ती कामावर असताना उठलेली मी कधी पाहिली नव्हती.

"रूपर्ट, त्या कागदातले अठ्ठेचाळीस रत्तल माझे आहेत," ती म्हणाली.

"तुमचे म्हणजे?"

"कुंपणाचे. माणूस माझ्या काट्यावर चढतो, उतरतो, बाहेर बदामाखाली जातो, आणि कुंपणापलीकडून त्याचे लोक त्याला देतात. भाचीला भाजलेला नीरफणस, भावाला तळलेले मासे, पाठदुखीला रम. आजपर्यंत या बेटावरून एक माणूस मोकळ्या हातानं गेलेला नाही, आणि वजन झाल्यावर घेतलेलं वजन नसतं असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून मी माणशी आठ लिहिते. तीस वर्षं लिहिते."

एक म्हातारा खलाशी पुटपुटला, "तांत, तुला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत असतं. तुझ्या कोटातली बाटलीपण. काढ!"

त्यानं काढली. मग एकेक पुडकं बाहेर येऊ लागलं आणि कुंपणावरून परत जाऊ लागलं. सगळ्यांत शेवटी एथलिन राहिली. तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेला भुजलेला मासा आणि मक्याचा सांजा होता. आमच्याकडे मेलेल्या आईबापांसाठी एक ताट वाढून ठेवतात, त्या ताटाचं ते जेवण. तिच्यापुढे बोलायला तांतचीही जीभ रेटेना. एथलिननंच ते कुंपणापलीकडे बहिणीला दिलं. "राहू दे. आईला आता घाई नाही. त्या पोरीला आहे."

तांतनं सगळ्यांना रिकाम्या हातांनी पुन्हा काट्यावर चढवलं. प्रत्येकाचे कागदावरचे बरोब्बर आठ उतरले. रूपर्टनं बेरीज दोनदा केली, मग माझ्यापुढे धरली. मी तिसऱ्यांदा केली. तीन रत्तल शिल्लक राहत होते. माझ्यासाठी जागा नव्हती, आणि मी ती मागितलीही नाही.

विमान पट्टीच्या पार टोकापर्यंत धावलं आणि अगदी झाडांजवळ गेल्यावर उचललं गेलं. ते ठिपक्याएवढं होईपर्यंत मी हात जोडून उभा होतो. आकड्यांत आयुष्य घालवलं, पण एका आकड्यात एवढी माया आणि एवढी सावधगिरी एकत्र राहू शकते हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी त्याच आकड्याबद्दल कुरकूर करत आलो होतो!

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तांत, आम्हा परक्यांच्या नावापुढे तुम्ही काहीच का वाढवत नव्हता?"

"कुंपणाशी तुमचं कोण असतं रे?" तिनं सहज विचारलं. "सामान घेऊन येता, सामान घेऊन जाता."

लागलं मला ते. पण खोटं काय होतं त्यात?

पहाटे शाळेत फोन आला. मुलगी. चार रत्तलांची, काचेच्या पेटीत, आणि तिची आई झोपलेली. मी पळत सकाळच्या विमानाला गेलो, घाईत काट्यावर चढलो. एकशे एक्कावन्न. तांतनं लिहिलं, एकशे एकोणसाठ.

"तांत, आठ जास्त झाले."

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली.

"गुड मॉर्निंग, तांत. पण आठ..."

तिनं मान न उचलता पेनानं बाहेर दाखवलं. कुंपणापाशी कालचीच माणसं उभी होती. खलाशाची म्हातारी, इस्पितळात गेलेल्यांच्या घरचे, कडेला संकोचून उभा असलेला, दुपारी निघणारा पेम्बर्टन. पुढे एथलिनची बहीण. तारेवरून हात घालून ती मला एकामागून एक पुडकी देऊ लागली. "हे एथलिनचं, आईच्या ताटाचं. हा नीरफणस बाळंतिणीचा, भाजलेला आहे, कुणी अडवणार नाही. हे गरम कपडे लेकीला." मागून आणखी हात येत होते. मला दिसेनासं झालं होतं, नुसतं घेत होतो.

तांत ऑर्डीन दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कागदावरचे एकशे एकोणसाठ खोडले आणि एकशे त्र्याहत्तर लिहिले. आठाचे बावीस.