नऊ वाजून सतरा मिनिटं

माझे वडील बसस्थानकावर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरातलं घड्याळ अजून त्यांच्याच ताब्यात आहे. त्यांच्या लेखी माझा जन्म सकाळी झाला नाही, सहा वाजून बावीस मिनिटांनी झाला. माझ्या लग्नाचा मुहूर्त चार मिनिटांनी हुकला, हे ते जावयाला आजही दर भेटीत ऐकवतात. काका, चहा झाला का, असं कुणी सहज विचारलं तरी उत्तर येतं, "झाला ना, सात चाळीसले."

गंमत अशी, की नोकरीत असताना याच माणसाने कारंजाहून अर्धा-अर्धा तास उशिरा आलेल्या गाड्या रजिस्टरमध्ये बिनदिक्कत वेळेवर लावल्या. का, तर ड्रायव्हरला वरून बोलणी बसू नयेत. आम्ही चिडवलं की म्हणायचे, "खरा टाइम मले माहीत असते. रजिस्टरले माहीत नसला तरी चालते."

मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. जामिनाचे अर्ज बडवून बडवून कायदा माझ्या बोटांत उतरला आहे, डोक्यात किती पोचला ते सांगता येत नाही. अटकेचं कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, ही वाक्यं मी डोळे मिटून टाइप करू शकते. ती कधी तोंडाने म्हणावी लागतील असं मात्र वाटलं नव्हतं.

तो दुसरा शनिवार होता. मला सुट्टी, म्हणून मी माहेरी होते. माहेर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे. दुपारी एकच्या सुमाराला शेजारची वहिनी दारात आली. तिच्या नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तो आतली तार काढून नवी गुंडाळून देतो. वडिलांचा सकाळचा दुसरा चहा रोज त्याच्याच बाकड्यावर होतो.

"चाचा, हे जेवायले नाही आले," ती म्हणाली. "फोनबी बंद आहे. सकाळी तुमी तिथंच होते ना? कुठी जातो म्हणाले का?"

"गेला असन एखाद्या खेड्यावर, मोटर काढायले. येईन."

"किती वाजता निघाले?"

"सकाळी," वडील म्हणाले.

ती गेली. वडिलांच्या तोंडून नुसतं 'सकाळी' मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी भाजी निवडत बसले.

सव्वाचारला ठाण्यातला शिपाई आला. "काका, जरा या. अटकेच्या कागदावर एखाद्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते."

प्रतिष्ठित म्हटल्यावर वडील ताडकन उठले. इस्त्रीचा शर्ट चढवला, खिशाला पेन लावलं, आरशासमोर भांग पाडायला घेतला. अशा सह्यांची त्यांना भारी हौस. कागद वाचून पाहणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, अशी त्यांची समजूत, त्यामुळे अर्ध्या गावाच्या कागदांवर त्यांची न वाचता केलेली वळणदार सही आहे. अटक कोणाला केली, असं मी शिपायाला विचारलं. त्याने आमच्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं आणि वडिलांचा कंगवा अर्ध्या केसांत थांबला.

मी वहिनीला फोन करून ठाण्यावर यायला सांगितलं आणि वडिलांच्या मागे चालू लागले.

ठाण्यातले साहेब तरुण, बोलायला गोड. वडिलांना खुर्ची मिळाली, चहा आला. शेजारी मात्र कोपऱ्यात फरशीवर बसलेला. चोरीची एक मोटार त्याच्या दुकानात भरायला आली होती, एवढंच कारण. तो वडिलांकडे बघत होता आणि वडील कपाकडे. मी माझी टाइप केलेली वाक्यं म्हणून दाखवली. घाबरून इतक्या भरभर म्हटली, की साहेबांना पाढे ऐकल्यासारखं वाटलं असावं. "ताई, ते सगळं होऊन जाईन," ते म्हणाले आणि कागद वडिलांपुढे सरकवला.

वडिलांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. अटकेच्या वेळेवर त्यांचं बोट थांबलं.

"टाइम चुकला, साहेब. इथं चार लिहिले. याले नऊ सतराले नेलं."

"काका, थोडंफार इकडंतिकडं होते."

"सहा तास त्रेचाळीस मिनिटं थोडंफार नसते."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. चार लिहिलं की चोवीस तास चारपासून मोजले जाणार, आणि सकाळपासून तो इथे बसला होता हे कुठल्याच कागदावर राहणार नाही. हे मला ठाऊक होतं, पण वेळ मी पाहिलीच नव्हती.

साहेब हसले. "काका, माहे वडील डायवर होते. त्यांच्या लेट गाड्या तुमीच राइट टाइम लावत होते ना? मंग आजच काहून?"

वडिलांचे कान लाल झाले. "लावत होतो. पण गाडीची बायको दारात येऊन विचारत नाही, साहेब. याची आली होती, एक वाजता." पेन त्यांनी परत खिशाला लावलं. "नऊ सतरा लिहा, मी सही करतो. कोर्टात बोलावलं तरी हेच सांगीन."

साहेब आत गेले. फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर तो कागद बाजूला पडला, अटकेऐवजी बोलावलं की हजर राहायची नोटीस निघाली, आणि ज्या कारणासाठी आणलं होतं ते शेजाऱ्याला पहिल्यांदा वाचून दाखवण्यात आलं. नोटीस शेजाऱ्याच्या हातात पडण्याआधी वडिलांनी तिच्यावरही वेळ घालून घेतली, पाच वाजून अकरा. तेव्हा मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की इतकी वर्षं त्यांच्या मिनिटांना हसल्याची लाज वाटली.

फाटकाशी वहिनी डबा घेऊन उभी होती. तिने आधी नवऱ्याचे हात उलटसुलट करून पाहिले, मग वडिलांना म्हणाली, "चाचा, तुमच्यानं सुटले."

वडिलांनी ते घेतलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"पोरी, नऊ सतराले मी तिथंच होतो," ते म्हणाले. "जीप आली, याले बसवलं. मी पुरा चहा पेलो आन् घरी गेलो. पोलिसाच्या भानगडीत काहून पडा म्हटलं. एक वाजता तुह्याशी खोटं बोललो."

ती डब्याची कडी नीट बसवत म्हणाली, "गाडी लेट झाली चाचा तुमची. कॅन्सल तं नाही झाली."

शेजारी हसला, मीही हसले. वडील हसले नाहीत. घराच्या वळणावर आल्यावर मला म्हणाले, "तू कधी हे लिहिलंच, तं लेटच लिव्हजो. राइट टाइम नको लावू."